आपलं छत, वरच्यांची जमीन
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांनंतर आपल्या इमारतीत घरोघरी नूतनीकरण चालू आहे. जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यात बसवलेले स्पीकर, ही सध्याची हौस. मीही ती केली. त्यात माझं काय चुकलं, तेवढंच आज सांगतो.

हॉलच्या सीलिंगमध्ये चार स्पीकर लागले. संध्याकाळी गाणं लावून मी खूश! आठवड्याभराने वरच्या वहिनी आल्या. त्यांच्या यजमानांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका, पण तुमचा तबला यांच्या पलंगापर्यंत येतो." आवाज तर मी बेताचाच ठेवत होतो. वर जाऊन बसलो. गायकाचा एक शब्द ऐकू येईना. डग्गा मात्र स्पष्ट. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

कारण नंतर समजलं. स्पीकर खाली आवाज सोडतो, तसा पाठीमागून वरही सोडतो. आमचे स्पीकर मागून उघडेच होते. शिवाय सीलिंगचे हँगर थेट स्लॅबला ठोकलेले. थरथर त्यांतून वर चढत होती. बारीक, उंच सूर स्लॅब बऱ्यापैकी अडवतो, खर्जाला तो पुरत नाही.

कारागिराने आधी थर्माकोल भरला. फरक शून्य. आवाज अडवायला वजन लागतं, थर्माकोलला ते कुठून येणार? शेवटी सीलिंग उघडलं. प्रत्येक स्पीकरमागे १८ मि.मी. एमडीएफची पेटी केली, आत ५० मि.मी. रॉकवूल. सांधे आणि वायरीचं भोक सीलंटने बुजवलं, कारण हवा जाते तिथून आवाजही जातो. पेटी स्लॅबला टेकू दिली नाही, हँगरना रबर लावलं. पेटी फार लहान झाली तर स्पीकरचाच खर्ज मरतो, म्हणून कंपनीने दिलेलं माप पाळलं. इतकं करूनही थोडा खर्ज वर जायचाच. तो अ‍ॅम्प्लिफायरवर कमी केला.

नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण आजारी माणसाची झोप डेसिबल मोजून येत नाही.

बँकेत आम्ही कर्ज मंजूर करण्याआधी जागेची पाहणी करायचो. पैसे दिल्यावर पाहणी करून काय उपयोग? तसंच इथे. सीलिंग बंद होण्याआधी स्पीकर चालू ठेवा, वरच्यांचं दार वाजवा आणि पाच मिनिटं त्यांच्या खोलीत बसा. माझा दुप्पट खर्च झाला, तुमचा वाचेल.

वहिनींचे यजमान आता ठणठणीत आहेत. रविवारी गाणं ऐकायला स्वतः खाली येतात. आपलं छत ही वरच्यांची जमीन आहे, एवढं लक्षात ठेवूया.