बेंजो बोलेनासा झाला तर



आमच्या जिंतूर भागात लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो की एखादी जयंती असो, बेंजोवाचून तिला शोभा येत नाही. बेंजो म्हटले म्हणजे अमेरिकेतले कातडे ताणलेले गोल वाद्य आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि टंकलेखन यंत्राला असतात तशी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हाताने तार छेडायची. या वाद्याचा पूर्वज जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात तो 'तैशोगोतो' या नावाने जन्मला, आणि पुढे हिंदुस्थानात येऊन येथलाच होऊन गेला. आपल्या कारागिरांनी त्याला विजेचा पिकअप बसवला. आणि आता बेंजोपार्टीतल्या पोरांनी त्याला आणखी एक जोड दिली आहे. ती म्हणजे गिटारसाठी बनवलेला डिजिटल इफेक्ट प्रोसेसर. पायाने दाबायची ही वीतभर पेटी बेंजोला कधी सनईसारखा गोडवा देते, तर कधी मोठ्या घुमटात वाजल्यासारखा घुमारा देते.

या पेटीविषयी आज दोन शब्द बोलायचे आहेत. मी संगीतातला जाणकार नव्हे. तर्कशास्त्र शिकवणारा मनुष्य आहे. मग हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये रंगमंचाची व्यवस्था माझ्याकडे होती. तालुक्यातल्या एका खेड्यातला विद्यार्थी बेंजो घेऊन बसला. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून त्याला जुना प्रोसेसर घेऊन दिला होता. पहिले गाणे झकास झाले. दुसऱ्या गाण्याच्या आरंभी त्याने पायाने काहीतरी दाबले, आणि आवाज एकाएकी बंद! पोरगा वायरी हलवू लागला, खाली वाकून बटणे दाबू लागला. समोर शिट्ट्या सुरू झाल्या. आणि मी, रोज तासाला कार्यकारणभाव शिकवणारा मी, माइक हातात असताना बोलून गेलो, "अरे, येत नाही तर बसलास कशाला?" मुलगा बेंजो उचलून मुकाट्याने खाली उतरला.

आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मशीन चांगलं होतं. सूर जुळवायचं बटण लागलं होतं." झाले होते असे की दोन पायबटणे एकदम दाबली गेली होती. तसे केले म्हणजे त्याच्या यंत्रातला ट्यूनर सुरू होतो, आणि तारा जुळवताना लोकांना त्रास नको म्हणून यंत्र आवाज बंद ठेवते. आणखी एकदा दाबले असते तर आवाज परत आला असता. दोष यंत्राचा नव्हता, आणि मुलालाही येत नव्हते असे नव्हे. कारण न शोधता निकाल देणारा मी होतो. त्याची क्षमा मी मागितली, पण ती खोलीत दोघांच्या समोर. अपमान झाला होता तो शेकडोंच्या समोर. पुढच्या वर्षी त्याने गॅदरिंगला नाव दिले नाही. तेव्हा मी त्याला बोलावून घेतले. यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका पुढे घेऊन आम्ही दोघे दोन रविवार बसलो आणि एका कागदावर मराठीत टिपण केले. आज जे सांगतो आहे ते त्या टिपणातलेच आहे.

प्रथम ही पेटी करते काय? तार हलली की तिच्याखालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. प्रोसेसर त्या विजेचे मोजमाप घेतो. किती वेळा? पुष्कळ यंत्रांत एका सेकंदात ४४,१०० वेळा! म्हणजे आवाजाचे आकडे होतात. मग यंत्र त्या आकड्यांवर गणित करते आणि त्यांची पुन्हा वीज बनवून पुढे धाडते. प्रतिध्वनीचेच उदाहरण घ्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोर १७ मीटरवर भिंत असेल तर आपली हाक जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. विजापूरच्या गोलघुमटात हेच पुन्हा पुन्हा घडते. पूर्वीची यंत्रे हे काम टेपच्या फिरत्या पट्टीवर करीत. १९७४ साली रोलँड या जपानी कंपनीने काढलेला 'स्पेस इको' त्याच जातीचा. आजचा प्रोसेसर आकडे साठवून ठेवतो. अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी हवा असेल तर २२,०५० आकड्यांमागे उभा असलेला आवाज तो पुन्हा ऐकवतो. इतकेच त्याचे गुपित!

आता जोडणी. येथे पहिली गोष्ट ॲडॉप्टरची. बहुतेक गिटार-प्रोसेसरांना ९ व्होल्ट लागतात, आणि पिनेच्या आतला भाग ऋण असतो. घरातल्या पुष्कळ यंत्रांचा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा आणि आत धन असा उलटा असतो. पिन छिद्रात बसली म्हणून ती आपली, असे समजू नये. चुकीच्या ॲडॉप्टरने यंत्र क्षणात जळू शकते. यंत्राच्या पाठीवर व्होल्ट आणि धन-ऋणाची खूण छापलेली असते, ती ॲडॉप्टरवरच्या खुणेशी ताडून पाहा. मिलिअँपिअरचा आकडा ॲडॉप्टरवर यंत्राइतका किंवा त्याहून अधिक असावा.

मग बेंजोची वायर 'इनपुट'मध्ये, आणि मिक्सरकडे जाणारी 'आउटपुट'मध्ये. एकच वायर न्यायची असेल तर 'मोनो' लिहिलेल्या भोकात लावा. बेंजोपासून निघणारी वायर जाळीचे वेष्टण असलेलीच हवी. कर्ण्याची साधी वायर तेथे लावली तर गुणगुण आलीच म्हणून समजा. सुरू करताना बेंजोकडून कर्ण्याकडे जावे, ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी. बंद करताना तोच सगळ्यांत आधी. नाहीतर मोठा धडाका होऊन कर्णा फाटतो.

आवाज बसवताना आरंभी सगळे इफेक्ट बंद ठेवा. जोराने तार छेडली असता लाल दिवा नुसता लुकलुकेल इतकाच इनपुट वाढवा. मग एक एक इफेक्ट घ्या. प्रतिध्वनीचा वेळ गाण्याच्या लयीशी जुळवायचा असतो, आणि त्याचे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. मिनिटाला १२० ठोके असतील तर ६० भागिले १२०, म्हणजे अर्धा सेकंद. मोकळ्या मैदानात घुमारा थोडा जास्त चालतो. सभागृह स्वतःच घुमत असते, तेथे कमी ठेवा. मिक्सरवरही इको चालू असेल तर दोहोंपैकी एक बंद करा; नाहीतर सुरांचा चिखल होतो. आवाज फाडणारा 'डिस्टॉर्शन' लावताना बाजूच्या साथीच्या तारा दाबून ठेवाव्यात. आणि मनासारखा आवाज बसला की तो 'सेव्ह' करण्यास विसरू नका. सेव्ह न करता दुसरा नंबर दाबला की मेहनत वाया! हे सगळे आकडे वहीत उतरवून ठेवावेत, हे उत्तम. यंत्र मूळ स्थितीला आणण्याचे बटण आपण साठवलेले सगळे आवाज पुसून टाकते. वही असेल तर ते पुन्हा उभे करता येतात.

आता मुख्य प्रश्न. आवाज बंद पडला तर काय करावे?

आपल्या शेतकरी बंधूंना हे मी काय सांगावे? पाटाचे पाणी टेलच्या शेतात पोचले नाही तर आपण शेताला शिव्या देत नाही. पाटाच्या कडेने वर चालत जातो. दार उघडे आहे का, चारी फुटली का, मध्येच कोणी पाणी वळवले का, ते पाहत जातो. आवाजाचाही असाच पाट आहे. तार, पिकअप, वायर, प्रोसेसर, दुसरी वायर, मिक्सर, ॲम्प्लिफायर, कर्णा. मात्र येथे एक सोय अशी की मधूनच सुरुवात करता येते. प्रोसेसरला हेडफोन लावा. त्यात बेंजो ऐकू आला तर अलीकडचे सगळे ठीक, दोष पुढे मिक्सरकडे आहे. नाही आला तर मिक्सरवरचा आवाज उतरवून बेंजोची वायर सरळ मिक्सरला लावा. आता वाजला, तर दोष प्रोसेसरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. एवढ्या दोन परीक्षांनी निम्म्याहून अधिक रस्ता निर्दोष ठरतो.

प्रोसेसरवर संशय आला तर क्रमाने पाहा. पडद्यावर उजेड आहे का? ट्यूनर लागला आहे का? आवाजाचा पायदांडा टाचेकडे पूर्ण उतरलेला तर नाही? इनपुट-आउटपुटच्या वायरींची अदलाबदल झाली का? एका नंबरावर शांतता आणि दुसऱ्यावर आवाज असेल तर यंत्र बिघडलेले नाही; त्या नंबराची मांडणी चुकली आहे.

गुणगुण येत असेल तर कारण बहुधा आपल्या विजेच्या सेकंदाला ५० आंदोलनांत असते. यंत्र सेलवर चालणारे असेल तर सेलवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर ॲडॉप्टर अपराधी. बेंजो थोडा फिरवून बसा, जनरेटरपासून दूर बसा. कर्णा शिट्टी मारू लागला तर बेंजो कर्ण्याच्या मागे न्या, आणि घुमारा कमी करा.

आमच्या शास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असते तेथे कार्य दिसते, आणि कारण काढले की कार्य नाहीसे होते. याचा अर्थ व्यवहारात एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. घाबरलेला मनुष्य चार वायरी एकदम हलवतो. आवाज आला तरी तो कशाने आला हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या वरातीत पुन्हा तीच फजिती.

एक गोष्ट मात्र प्रयोगाची नव्हे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नका. तारेला बोट लावताच झिणझिण्या आल्या तर मुख्य बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या मांडवात, पावसातल्या मिरवणुकीत, ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसवलेलेच असावे. गाणे राहिले तर उद्या होईल.

शिक्षकबंधूंनो, पोरे ही पेटी शाळेत घेऊन आली तर हाकलू नका. ध्वनीचा वेग, भागाकार, चुंबक आणि वीज, एवढा अभ्यासक्रम तिच्यात आहे. आणि काही बंद पडले तर "कोणी बिघडवले?" असे विचारण्याआधी "कोठपर्यंत चालते आहे?" असे विचारावे.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये तो मुलगा पुन्हा बसला. पेटीच्या झाकणाला आमचा कागद चिकटवलेला होता. मध्येच आवाज गेला. समोर शिट्ट्या सुरू झाल्या. त्याने हेडफोन कानाला लावला, मान हलवली, आणि मिक्सरवाल्याला खूण केली. तिकडची पिन सैल झाली होती. अर्ध्या मिनिटात बेंजो बोलू लागला. माइक तेव्हाही माझ्याच हातात होता. पण या वेळी तो मी बंद ठेवला होता.