पडद्यावरील पाकशाळा आणि रसनेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी जपानी चित्रमालिका आणि मोबाईलवरील स्वयंपाकाचे खेळ हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गोष्टीत घरातील मुले रोज रमतात, ती वडीलधाऱ्यांनी समजून घेतलीच पाहिजे. सातारा असो वा सांगली, सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, गॅस बंद होतो, आणि थोड्याच वेळात नातवाच्या हातातील पडद्यावर दुसरी शेगडी पेटते. आजीचा नियम रात्रिभोजनत्यागाचा, आणि नातू रात्री नऊ वाजता वीस गिऱ्हाइकांना वाढत असतो! ही गोष्ट हसून सोडून द्यावी, की तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे?

या खाद्यविश्वाची पहिली ओळख अनेक मुलांना डोरेमॉनने करून दिली. २००५ पासून भारतीय दूरचित्रवाणीवर दिसू लागलेल्या या निळ्या यंत्रमांजराचा आवडता पदार्थ म्हणजे डोरायाकी. दोन मऊ, गोल धिरडी आणि मध्ये अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड सारण. अझुकी हे मूग-उडदाच्याच कुळातील. ते शिजवून साखरेबरोबर आटवतात. पुरणपोळीच्या घरात वाढलेल्या मुलाला हे पुरण परके वाटत नाही. मात्र त्या धिरड्यांत बहुधा अंडे असते, हे पडदा सांगत नाही. ते आईनेच सांगावे लागते.

मोठ्या मुलांच्या मालिका निराळ्या. 'ओइशिनबो' ही चित्रकथा १९८३ मध्ये सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिची मालिका आली. तिचे कथासूत्र आजच्या समारंभाला साजेसे आहे. एक वृत्तपत्र आपल्या शताब्दीनिमित्त सर्वोत्तम भोजनाची सूची तयार करण्याचे ठरवते आणि ते काम ज्या पत्रकारावर येते, त्याचा विरोधक म्हणून त्याचा स्वतःचा पिताच उभा राहतो. २०१६ मधील 'स्वीटनेस अँड लाइटनिंग'मध्ये पत्नी गमावलेला गणिताचा शिक्षक लहान मुलीसाठी स्वयंपाक शिकतो. त्याचा आरंभ कशाने होतो? मातीच्या भांड्यात नीट शिजवलेल्या साध्या भाताने. याउलट २०१५ ते २०२० या काळात आलेल्या 'फूड वॉर्स'मध्ये पाककौशल्याची जिद्द आहे, पण अनेक दृश्ये मर्यादा सोडणारी आहेत. दुकानात तागा पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय कापड घेऊ नये म्हणतात, तीच दक्षता पालकांनी येथे घ्यावी.

खेळांची कथाही अशीच आहे. २००६ मध्ये आलेल्या 'कुकिंग मामा'त मूल पडद्यावर चिरते, ढवळते, तळते. २०१४ च्या 'कुकिंग फीवर'मध्ये उपाहारगृह चालवायचे असते. गिऱ्हाईक थांबत नाही, करपलेला पदार्थ फेकावा लागतो, आणि मिळालेल्या नफ्यातून नवी भांडी घ्यावी लागतात. भांडवल, माल आणि वेळ यांचा मेळ मुले नकळत शिकतात. मात्र अशा खेळांत खऱ्या पैशांनी खोटी रत्ने विकत घेण्याची सोय असते. ज्या वहीत खर्च खरा आणि जमा काल्पनिक, ती वही कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल?

आता शास्त्राच्या कसोटीकडे वळू. आपल्या आचार्यांनी चार विकथा सांगितल्या आहेत आणि त्यांत भक्तकथा, म्हणजे खाण्यापिण्याच्या रुचकर गप्पा, स्पष्टपणे गणली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपांमध्ये रसपरित्याग येतो. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांतील एखादा रस सोडणारी आजी काय साधते? जिभेवरचा ताबा. मग जिभेला काहीच न देता डोळ्यांनीच रस चाखण्याच्या या छंदाला काय म्हणावे?

याहून गंभीर प्रश्न आहे. या मालिकांत आणि खेळांत मासे व मांस सर्रास शिजते. मूल म्हणते, "खरे कुठे आहे? चित्रच तर आहे." या युक्तिवादाचे उत्तर आपल्या वाङ्मयाने हजार वर्षांपूर्वी दिले आहे. सोमदेवसूरींच्या, इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण झालेल्या 'यशस्तिलकचंपू'त राजा यशोधराची कथा आहे. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजाने नकार दिला. पण मातेच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा भाव मात्र खरा होता. त्यामुळे माता-पुत्रांना अनेक जन्मांचे दुःख भोगावे लागले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील भेद समजावण्यासाठी आजच्या मुलांना याहून जवळचा दृष्टान्त नाही. पडद्यावरचा मासा पिठाच्या कोंबड्याचाच भाऊबंद आहे. मुलाला धाक न घालता ही कथा सांगावी आणि मग विचारावे, "कापताना तुझ्या मनात काय होते?" उत्तर त्याने स्वतः शोधावे.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अन्न शिजविणे ही हलकी गोष्ट नाही. जपानमधील झेन आचार्य डोगेन यांनी १२३७ मध्ये मठातील आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेथील मठांच्या शोजिन भोजनात मांस-मासे वर्ज्य असतात, कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य असतात. ज्या देशातून या मालिका येतात, त्याच देशात संयमाची ही पंगतही आहे, हे मुलांना कळले पाहिजे.

आणि आपल्याच मातीत पाहावे. झरी पार्श्वनाथांमुळे समाजास परिचित असलेल्या कुंडलमध्ये १९१३ साली जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' किर्लोस्कर प्रकाशनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी नवख्या सुनेचा हात धरला. अंदाजाने चालणारी विद्या मापात आली आणि माहेरापासून दूर गेलेल्या असंख्य मुलींना आधार मिळाला. २०२३ च्या 'वेनबा' या खेळातही हेच आहे. कॅनडात गेलेली तमिळ आई आपल्या आईच्या जीर्ण पाककृतीच्या वहीतील पुसट ओळी जुळवून इडली करते. वही फाटली तरी चव वाचवावी, ही धडपड कोणत्या घरची नाही?

साताऱ्याला तर अन्नाचा आणखी मोठा वारसा आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. पडद्यावरील कोणत्याही स्पर्धेतील विजयापेक्षा त्या पंगतीतील भाकरी थोर होती.

आज येथील मुले-मुली शिक्षण-नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, परदेशी जातात. तेथील खानावळीत कांदा-लसणाविना भाजी मिळत नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळत नाही. घरात बारा-पंधरा वर्षे पाळलेला नियम तेथे महिन्याभरात सुटतो. पुष्कळदा श्रद्धा उरलेली असते, पण वरणाला फोडणी कशी द्यावी हे ठाऊक नसते. ज्याला स्वतःचे अन्न शिजविता येते, त्यालाच नियम टिकविता येतो. ही विद्या मुलींइतकीच मुलांनाही हवी. पडद्याने मुलाच्या मनात स्वयंपाकाची गोडी निर्माण केली असेल, तर ती संधी पालकांनी वाया का घालवावी?

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली, काळाची मर्यादा. मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. दोन भागांची ४८ मिनिटे म्हणजे एक मुहूर्त, सामायिकाचा काळ. त्यापुढे पडदा बंद. दुसरी, पाहिलेले करून दाखविण्याची. आठवड्यातून एकदा मुलाने पाणी गाळून, धान्य निवडून, दिवस मावळण्यापूर्वी एक पदार्थ करावा. डोरायाकी हवी असेल तर अंड्याविना, गव्हाच्या पिठाची, पुरण भरून करावी. तिसरी, केलेला पदार्थ आधी दुसऱ्याला वाढावा, मग स्वतः घ्यावा.

पडद्यावरील अन्नाने कोणाचीच भूक भागत नाही. ते पाहून मूल स्वयंपाकघरात आले, आजीच्या शेजारी उभे राहिले आणि पाणी का गाळायचे हे विचारू लागले, तर विकथेचीच धर्मकथा होईल. पुढील पन्नास वर्षांची शिदोरी त्याच ओट्यावर बांधली जाणार आहे.

जय जिनेंद्र!