वाचक जोडण्याची विद्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात रुआबांधा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाङ्मय शाखेच्या वतीने आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत. विषय तरुण मंडळींनी सुचविला आहे. ब्लॉग लिहिणाऱ्याने आपला वाचकवर्ग वाढवावा कसा आणि वाढलेला टिकवावा कसा, हा तो विषय. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की या कामी आम्ही एकदा सपशेल फसलो आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळातर्फे एक ब्लॉग सुरू केला. कोजागिरी, हळदीकुंकू, गणेशोत्सव यांचे वृत्तांत आणि जुन्या भिलाईच्या आठवणी त्यात लिहाव्यात, असे ठरले. पहिल्या लेखाचे कौतुक झाले, दुसऱ्याचे कमी झाले आणि पाचव्या लेखास कोणी विचारीना. तेव्हा आम्ही घाबरून भलताच उपाय केला. ओळखीच्या, अनोळखी अशा प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप समूहात लेखाचा दुवा पाठवू लागलो, मथळे भडक करू लागलो, सणासुदीच्या उसन्या शुभेच्छाही त्यात घालू लागलो. आकडा वाढला. पण मंडळाच्या सभेत, 'गेल्या लेखात काय होते?' असे विचारले असता एकालाही सांगता आले नाही. वाट चुकून दारात आलेल्यांना आम्ही पाहुणे समजत होतो.

अशा वेळी आपल्याच मुलखातील एका मराठी माणसाची आठवण होणे साहजिक होते. माधवराव सप्रे यांनी 1900 सालच्या जानेवारीत पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. पेंड्रा त्या वेळी बिलासपूर जिल्ह्यातले आडवळणाचे गाव होते. माधवराव तेथील राजकुमारांचे शिक्षक होते. घरची भाषा मराठी, पण मासिक त्यांनी हिंदीत काढले, कारण ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते वाचक हिंदी वाचणारे होते. मासिकाच्या नावातच त्यांनी वाचकाचा पत्ता सांगून टाकला: हे छत्तीसगढसाठी आहे आणि ते त्याचा मित्र आहे. गुरू नव्हे, मालकही नव्हे. रामराव चिंचोलकर हे संपादनात त्यांचे सहकारी होते आणि वामन बळीराम लाखे यांचाही या उद्योगात हात होता. तिघेही मराठी कुळांतले.

हे मासिक तीन वर्षे चालले आणि आर्थिक अडचणींमुळे 1902 साली बंद पडले. मजकूर कमी प्रतीचा होता म्हणावे, तर तसे नव्हते. माधवरावांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा 1901 साली याच मासिकात आली आणि हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांत तिची आजही गणना होते. त्यातील ग्रंथपरीक्षणांनाही हिंदी समीक्षेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चांगले लिहिले म्हणजे वाचक आपोआप पुरेसे मिळतात, असे नाही. आणि वाचक थोडे मिळाले म्हणजे लेखन वाया गेले, असेही नाही. माधवरावांनी स्वतः हाच दुसरा अर्थ घेतला असावा. कारण मासिक बुडाल्यावर ते लेखणी ठेवून बसले नाहीत. 1907 साली त्यांनी नागपुरातून 'हिंद केसरी' काढला आणि टिळकांच्या 'केसरी'चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. पुढच्याच वर्षी त्यापायी त्यांना अटक झाली.

दुसरे उदाहरण आम्हां कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्यांस अधिक जवळचे आहे. किर्लोस्करवाडी हीही कारखान्याभोवती वसलेलीच वस्ती. तेथे लोखंडी नांगर तयार होत. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, ती कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. त्याच रोपट्याचे पुढे साऱ्या महाराष्ट्रात वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. परंतु सर्वांस सर्व काही एकाच ताटात वाढावे, असा हट्ट शंकररावांनी धरला नाही. स्त्रियांसाठी 1930 साली 'स्त्री' निघाले आणि 1934 साली 'मनोहर'. वाचक म्हणजे निराकार गर्दी नव्हे; तो कोणीतरी एक आहे, त्याचे वय आहे, त्याचे घर आहे, त्याची स्वतःची अशी काही अडचण आहे, हे त्यांनी ओळखले होते. ब्लॉग लिहिणाऱ्या तरुण मित्रांस आमचे पहिले सांगणे हेच, की लिहावयास बसण्यापूर्वी एक वाचक डोळ्यांपुढे आणावा. पाळीवरून थकून आलेला भाचा असेल, पुण्यास शिकावयास गेलेली मुलगी असेल. त्या एकास समजले, रुचले, तर त्याच्यासारखे इतर आपणहून येतात.

आता आजच्या साधनांविषयी. पूर्वी अंक छापला की तो टपालाने वर्गणीदाराच्या घरी जाई. आज आपण लिहिलेले आपल्याच अनुयायांपुढे किती आणि कोणत्या क्रमाने मांडावे, हे समाजमाध्यमाचे यंत्र ठरविते. ज्यावर लोक थांबतात, भांडतात, बोट ठेवतात, ते यंत्र वर आणते. म्हणून तेथे भडकपणाचे पीक फोफावते. या यंत्राशी वैर करण्याचे कारण नाही. चावडीवर जाऊन दवंडी पिटावी, तसा त्याचा उपयोग करावा. मात्र चावडी आपल्या मालकीची नाही, हे विसरू नये. ऑर्कुट 2014 साली बंद झाले. टिकटॉकवर आपल्या देशात 2020 सालच्या जूनमध्ये बंदी आली आणि तेथे प्रेक्षक जमविलेल्यांची सारी मिळकत एका रात्रीत गेली. याउलट मासिक बुडाले, तरी संपादकाच्या हाती वर्गणीदारांची वही उरत असे. तेव्हा आपली वही आपण ठेवावी. ज्यांना लेख हवासा वाटतो, त्यांचे ईमेलचे पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने लिहून घ्यावेत आणि नवा लेख त्यांना थेट पाठवावा. अशी पन्नास नावे, हजारो अनोळखी अंगठ्यांपेक्षा मोलाची.

दुसरे, दिवस ठरवावा. पंधरा दिवसांनी लिहिणार असाल, तर पंधराव्या दिवशी लेख यावाच. उत्साहाच्या भरात आठवड्यात चार लेख आणि मग चार महिने शुकशुकाट, याने वाचकाची सवय मोडते. एकदा मोडलेली सवय पुन्हा लावणे फार कठीण.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आमच्याच चुकीतून आम्ही शिकलो. आमच्या एका लेखात भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 1955 साली झाल्याचे छापले गेले. लेखाखाली एका वृद्ध गृहस्थांनी चार ओळी लिहिल्या: 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, भट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले, आणि त्या दिवशी आपण तेथे हजर होतो. हे गृहस्थ निवृत्तीनंतर मुलाकडे नागपुरास राहावयास गेलेले. आम्हांस चूक दाखविल्याचा राग आला. उत्तर दिले नाही, लेखही सुधारला नाही. ते पुन्हा कधी लिहिते झाले नाहीत.

वर्षभराने जुने लेख चाळताना त्या चार ओळी पुन्हा दिसल्या आणि आमची आम्हांसच लाज वाटली. ज्या दिवसाविषयी आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत होतो, तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला माणूस आपणहून आमच्या दारी आला होता, आणि आम्ही त्यास बसा म्हटले नव्हते. आकडे वाढावेत म्हणून शेकडो दुवे पाठविले, पण आलेल्या वाचकास दोन शब्द लिहावयास आम्हांला सवड झाली नाही. आम्ही चूक दुरुस्त केली, लेखाच्या माथ्यावर तशी कबुली दिली आणि त्यांना पत्र पाठवून क्षमा मागितली. आठ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले: 'दुरुस्ती पाहिली. पुढचे कधी लिहिता?'

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आहे. आलेल्या प्रत्येक अभिप्रायास, मग तो स्तुतीचा असो वा टीकेचा, नाव घेऊन उत्तर द्यावयाचे आणि चूक असेल तर सर्वांदेखत मान्य करावयाची. शिवीगाळ करणारास तेवढे सोडून द्यावे. या नियमाने आमचे वाचक थोडेच वाढले, पण जे आहेत ते आता आम्हांस सांगतात की अमुक विषयावर लिहा, अमुक फोटो आमच्याजवळ आहे, तमुक आजींना भेटा. वाचक लेखनात सहभागी झाला, की तोच आणखी चौघांस घेऊन येतो.

शेवटी मनातली एक काळजी बोलून दाखवितो. आपली नातवंडे घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. उद्या हे लेख वाचील कोण? परंतु परदेशातील मराठी कुटुंबांपेक्षा आपण एका बाबतीत भाग्यवान आहोत. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी त्यांना येतेच. लिपीची भिंत आपल्याकडे नाही. अडतो तो केवळ शब्दांचा उंबरठा. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. दोन वाचकांसाठी दोन भाषा योजण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपणही मराठी लेखाखाली कठीण शब्दांचे अर्थ हिंदीत द्यावेत, मुलांना आजोबांची मुलाखत घ्यावयास सांगावे, ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध करावी. स्वतःचे नाव पाहण्यासाठी मूल लेख उघडील, आणि आजोबांचे शब्द वाचील.

मंडळास पन्नास वर्षे झाली, ती पत्रिका छापल्यामुळे नव्हे. कोणी आले नाही की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौकशीस जाणारी माणसे येथे होती, म्हणून झाली. लिहिणाऱ्याने आपल्या वाचकाची तेवढीच चौकशी ठेवावी, एवढीच आमची विनंती.