रेंगाळणारा खोकला आणि शाळेतील मूल
(युसूफ वडगाव येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



आजचा विषय डॉक्टरांचा आहे, शिक्षकांचा नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु डॉक्टरांपुढे मूल काही मिनिटे असते. आपणांपुढे ते रोज पाच-सहा तास असते. रेंगाळणारा आजार प्रथम आपल्याच दृष्टीस पडावयास हवा.

गोवर, डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया यांतून मूल उठले की घरची माणसे निश्चिंत होतात. बहुतेक मुले पूर्ण बरी होतातही. काहींचा मात्र ताप जातो आणि आजार मागे राहतो. फुप्फुसांतील अगदी बारीक श्वासनलिकांना आतून इजा होते, ती भरून येताना व्रण धरतात आणि नलिका अरुंद होतात वा बुजतात. यास डॉक्टर ‘ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स’ म्हणतात. ॲडेनो विषाणूच्या तीव्र संसर्गानंतर तो विशेष आढळतो. दुसऱ्या काही मुलांच्या श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन त्यांत कफ साचतो, तो ‘ब्राँकिएक्टॅसिस’. पहिल्यात धाप व घरघर, दुसऱ्यात रोजचा ओला खोकला. घरी मात्र दोहोंना ‘बाळदमा’ हेच नाव मिळते आणि खरे निदान लांबते.

वर्गात हे मूल ओळखावे कसे? खोकला चार आठवडे उलटूनही जात नाही. सोबती धावतात तेव्हा ते भिंतीशी टेकून उभे असते. वाचताना वाक्य मध्येच तुटते. वजन वाढत नाही. कधी बोटांची टोके फुगीर दिसतात. अशा मुलास आळशी म्हणणे हा अन्याय होय. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल तर क्षयाचीही तपासणी व्हावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

व्रणाने बुजलेली नलिका पूर्ववत करणारे औषध आज नाही, हे पालकांस स्पष्ट सांगावे. परंतु बालपणी फुप्फुसे वाढत असतात; म्हणून उरलेला भाग जपणे हाच खरा उपचार आहे. नव्या संसर्गावर वेळीच औषध, डॉक्टरांनी दिल्यास ओढावयाचा पंप, कफ सुटण्यासाठी छातीचा व्यायाम आणि पोटभर सकस आहार, या गोष्टी वर्षानुवर्षे चालवाव्या लागतात. पंपाची सवय लागते हा गैरसमज आपण दूर करावा. बिब्बा व डागण्या यांनी मुलाच्या यातना तेवढ्या वाढतात.

आपल्या भागातील खरी अडचण पुढेच आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस निघतात. ऐन थंडीत मूल कोपीत, चुलीच्या धुरात राहते आणि औषध तुटते. शक्य तेथे अशा मुलास हंगामी वसतिगृहात ठेवण्यास पालकांचे मन वळवावे. जाणेच भाग असेल, तर औषधाची चिठ्ठी व लसीकरणाचे कार्ड त्यांच्यासोबत द्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी नेमके आजारी मूलच गैरहजर असते! त्याचे नाव आधी लिहून ठेवावे व पथकास द्यावे. पुढील तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आपणांस जवळ आहे.

शाळेत झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, या मुलांना झाडलोटीचे काम देऊ नये, पोषण आहाराच्या चुलीचा धूर वर्गात येऊ देऊ नये. पहिलीच्या प्रवेशावेळी गोवर-रुबेला लसीच्या दोन्ही मात्रा झाल्याची खात्री करावी. धाकट्या भावंडांसाठी न्यूमोकोकल लसही 2021 पासून देशभर राष्ट्रीय कार्यक्रमात मिळते.

बंधुभगिनींनो, हजेरीपटावर एखाद्या नावापुढे वारंवार गैरहजेरी दिसली, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्या घरी जाऊन मुलाचा श्वास कसा चालतो, ते पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.