तळपायावरील काळा डाग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्याच्या अधिकाराने नव्हे, तर एका चुकलेल्या भावाच्या नात्याने मी येथे उभा आहे. माझ्या वडील बंधूंच्या तळपायावर काळा डाग उठला. कपाशीच्या रानात जन्म गेलेला माणूस. "कुरूपच असेल" असे मी म्हणालो. बिब्ब्याचा चटका दिला. वर्षभराने जांघेत अवधाण आले, तेव्हा तो त्वचेचा कर्करोग असल्याचे कळले.

ह्या रोगास मेलॅनोमा म्हणतात. आपल्या देशात तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली उद्भवतो. तेथून त्याच्या पेशी लसिकावाहिन्यांतून बहुधा प्रथम एकदोन ग्रंथींत पोहोचतात. वेशीवरचा जागल्या जसा गावात येणारास आधी गाठतो, तशी ही पहिली ग्रंथी होय. अमेरिकेतील शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन ह्यांनी १९९२ साली निळ्या रंगाच्या साहाय्याने ती शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे तीस अणुविद्येची जोड मिळाली. डागाभोवती टेक्नेशियम ह्या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश टोचतात. तो त्याच वाटेने जाऊन ग्रंथीत थांबतो. गॅमा कॅमेरा तिचे स्थान दाखवितो, आणि शस्त्रवैद्याच्या हातातील शोधक यंत्र तिच्याजवळ येताच नाद करू लागते. ह्या द्रव्याचे तेज दर सहा तासांनी निम्मे होते. म्हणून भिण्याचे कारण नाही. तेवढीच ग्रंथी काढून तपासतात. ती निर्दोष निघाल्यास बाकीच्या ग्रंथी राखल्या जातात व पाय जन्मभर सुजण्याचे संकट बहुधा टळते.

ह्या विद्येचा पाया आपल्याकडेही जुना आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले; अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली तेथेच स्थापन झाले.

परंतु ग्रंथीची गाठ हाताला लागण्यापूर्वी जो रोगी येतो, त्याच्यासाठीच ही रीत आहे. माझ्या बंधूंची ती वेळ टळून गेली होती. यवतमाळहून मुंबई दूर, म्हणून नव्हे; आम्ही हाताशी असलेला तळपाय नीट पाहिला नाही, म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, त्यांचे खूर पाहतो. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांचे तळपायही पाहावेत. वाढणारा, रंग पालटणारा वा रक्त येणारा डाग दिसल्यास बिब्बा न लावता डॉक्टरांस दाखवावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.