ऋतू बदलतो आणि मुलाची छाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



बालदम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. सर्दी, धूळ, धूर किंवा गार हवा लागली की त्या आवळतात, कफ दाटतो आणि छाती वाजू लागते. सूज आधीचीच, ऋतू फक्त ठिणगी टाकतो.

आपल्याकडे जूनच्या मध्यास शाळा उघडतात. एकाची सर्दी साऱ्या वर्गाला होते, आणि मुलांना धाप लागते ती बहुधा सर्दीनेच. अकोल्याकडे पावसाची झड लागली की भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. पाऊस सरताना बांधावर गाजरगवत फुलते. त्याचे परागही काही मुलांना बाधतात. पाठोपाठ बाजरीच्या मळणीची धूळ, दिवाळीचे फटाके आणि थंडी. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात. थंडीत तो धूर खालीच रेंगाळतो. पाचट न जाळता सरीत कुजवले तर जमिनीलाही खत मिळते, हे घरातल्या पुरुषमंडळींना आपणच सांगायला हवे.

उन्हाळ्यात मूल बरे दिसते आणि आपण सूज उतरवणारा रोजचा पंप परस्पर बंद करतो. मग जूनची सर्दी त्याला गाठते. कोजागिरीला दम्याचे औषध घालून खीर देतात. श्रद्धा असेल तर जरूर जावे, पण त्यापायी डॉक्टरांचे औषध सोडू नये. पंपाची सवय लागते हा समज खोटा आहे. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडे पुरते. लहान मुलाला ते स्पेसर लावून द्यावे व रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी. धाप लागल्यावर घ्यायचा पंप निराळा. तो घरात हाताशी असावा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खोकल्याच्या रात्रींना खूण करा. वर्षभरात आपल्या मुलाचा वाईट महिना कळेल. त्याआधीच डॉक्टरांना भेटा. मुलीचा दमा सोयरिकीच्या भीतीने लपवू नका. लपवलेल्या आजाराला औषध वेळेवर मिळत नाही.

आणि एवढे ध्यानात ठेवा: बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर धाप लागल्यावरचा पंप देत तडक दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.