गालांतील व्रण आणि मानेंतील गांठ



मनीषनगरच्या एखाद्या पानठेल्यापाशीं क्षणभर थांबलें, तर पन्नींत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा सिद्ध होत असलेला दिसतो. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली. हें घोटणें मात्र चालूच राहिलें. पुढें कोणाच्या गालांत कर्करोग निघाला, कीं घरची मंडळी वैद्यांस विचारतात, “व्रण गालाला आहे, मान तर ठणठणीत, मग मानेवर शस्त्रक्रिया कशासाठीं?” प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर जनुकांच्या व्यवहारांत सांपडतें.

गालाच्या अस्तरांतील पेशी भिंतींतील विटांप्रमाणें एकमेकींस बिलगून असतात. टीपी-५३ नांवाचें जनुक बिघडलेल्या पेशीस थोपवितें. कॅस्प-८ तिला आत्मनाशास प्रवृत्त करतें. कल्याणी व खारघर येथील शास्त्रज्ञांनीं भारतीय रोग्यांच्या गाल-हिरड्यांच्या गांठी तपासल्या, तेव्हां या जनुकांत वारंवार बिघाड आढळला. तें संशोधन २०१३ सालचें.

परंतु बिघडणें निराळें आणि घर सोडून निघणें निराळें. २०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अठरा रोग्यांच्या सुमारें सहा हजार पेशी एकेक करून वाचल्या. गांठीच्या अगदीं कडेला त्यांस विलक्षण पेशी दिसल्या. गर्भांत किंवा जखम भरतांना पेशींना हालचाल करावयास लावणारीं जीं जनुकें, त्यांतील कांहीं येथें जागीं झालीं होतीं, तींहि अर्धवट. पेशी आपलें मूळ रूप पुरतें टाकीत नाहीं, केवळ पकड सैल करते. शेजारच्या तंतुपेशींचे संकेत तिला त्या कामीं साहाय्य करतात. शेजार वाईट, असें आपण माणसांविषयीं म्हणतों, तें येथेंहि लागू पडावें! अशा पेशी अधिक, तेथें मानेच्या लसिकाग्रंथींत रोग पोहोंचण्याचा संभवहि अधिक.

हा प्रवास बोटांना लागत नाहीं. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत, तोंडाचा रोग प्रारंभावस्थेंत असून मानेंत गांठ नसलेले रोगी घेतले होते. कांहींच्या मानेंतील ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या. इतरांच्या बाबतींत गांठ दिसेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनंतर पहिल्या गटांत शेंकडा ८० जिवंत होते, दुसऱ्यांत ६७.५.

तेव्हां वैद्यानें मानेची गोष्ट काढली, तर ती टाळूं नये. तोंडांत तांबडा वा पांढरा चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, किंवा तीन बोटें उभीं मावण्याइतकें तोंड उघडत नसेल, तर मानेंत कांहीं लागण्याची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत दाखवावें.